जुना कन्सोल आणि खान्देशची धूळ

आज सुट्टीचा दिवस जळगावच्या घरी नव्वदच्या दशकातल्या सीडीवाल्या गेम कन्सोलपाशी गेला आणि फार छान गेला. सीडी फिरायची, टकटक व्हायचं, पुन्हा थांबायची. अशा वेळी लोक लगेच 'लेझर गेला' म्हणतात. माझं ठाम मत, आधी सफाई करा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या वावटळीत बंद कपाटातही धूळ शिरते.

सीडी वाचणाऱ्या लेझरचा प्रकाश ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तो भिंगातून सीडीवर पडून परत येतो. भिंगावर धुळीचा पातळ थर बसला तरी परत येणारा प्रकाश कमी पडतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन भिंग हलक्या हाताने पुसलं. लेझर ज्या दांड्यांवर सरकतो, तिथलं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावलं, अगदी थोडं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे गेम सुरू होऊन मध्येच अडकत असेल तर या दांड्याही बघाच.

सीडी गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे पुसा. आणि छापील बाजू जपा! डेटाचा थर तिथेच, पातळ लॅकरखाली (संरक्षक लेपाखाली) असतो. तिथला खोल ओरखडा दुरुस्त होत नाही.

संध्याकाळी चुलतभाऊ ओरडला, "दादा, चालू व्हयनं!"

कोणाकडे जुन्या गेमच्या सीड्या पडून असतील तर सांगा. धुळे, भुसावळ, कुठेही घ्यायला येतो.