माणिकबागेचे पक्षी

इंदूरमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्यांना माणिकबाग म्हटले की आधी रस्ता आठवतो, मग पूल आणि पुलावरची गर्दी. तिथल्या राजवाड्यात केंद्रीय उत्पादन शुल्काचे कार्यालय आले आणि माझ्या काकांची नोकरी त्याच कार्यालयात झाली. ज्या दालनांत त्यांनी वर्षानुवर्षे फायली चाळल्या, ती पाहायला कधी काळी युरोपातले लोक धडपडले असते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नुसते पाहिले.

महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास हा वाडा सजवण्याचे काम एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडे सोपवले. महाराजांचा जन्म १९०८ चा, वास्तुकाराचा १९०४ चा. म्हणजे दोघेही विशीतले. घरात झुंबरे आणि मखमल यांऐवजी धातू, काच आणि चामडे आले. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए या युरोपातल्या नामवंत रचनाकारांच्या वस्तू इंदूरच्या उन्हात येऊन राहिल्या. पुढे १९८० मध्ये मोनॅको येथे सदबीज या लिलाव कंपनीने त्यांतल्या बऱ्याच सामानाचा लिलाव केला, आणि आज त्या वस्तू पाहायच्या तर इंदूरकराला परदेशी जावे लागते.

मी तेच केले. मुलीकडे मेलबर्नला गेले असताना दोन दिवस काढून कॅनबेऱ्याला गेलो. मुलीने हौसेने एक लहानसे, कलात्मक म्हणून नावाजलेले हॉटेल निवडले होते. काँक्रीटची उघडी भिंत, पितळी नळ, उशाशी टांगलेला कागदी कंदील, असे सारे छायाचित्रात शोभणारे होते. रात्री पुस्तक उघडल्यावर मात्र कळले की कंदिलाचा उजेड छतावर पडतो, पानावर नाही. शिवाय त्याचे बटण दाराशी असल्यामुळे तो मालवून अंधारात चाचपडत पलंग गाठावा लागला. मुथेसियसने माणिकबागेसाठी लाल आरामखुर्च्या केल्या होत्या, त्यांच्या अंगातच वाचनाचे दिवे बसवलेले होते. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला, खुर्चीत बसलेला माणूस वाचतो, एवढे सुचले होते. मला तरी हॉटेलांची पारख करताना हीच एक कसोटी पुरते.

सकाळी नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात गेलो. शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीचे ‘अवकाशातील पक्षी’ महाराजांनी तीन घेतले: एक पितळी झळाळीच्या ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसाडिना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. संगमरवरी जोडी या गॅलरीने १९७३ मध्ये विकत घेतली. पक्षी म्हणावे असे त्यांच्यात पंख, चोच, डोळा काहीच नाही. तळाशी मनगटासारखी बारीक झालेली कंबर, त्यावर हळूहळू भरत जाणारा देह, आणि वर तिरके कापल्यासारखे टोक. पांढरा उजेड पिऊन घेतो; काळ्याच्या अंगावर मात्र समोर उभ्या राहिलेल्या माणसाची उभट, लांबुडकी सावली उमटते. मी दोनदा मागे सरून पुन्हा पुढे आले, तेव्हा मुलीने माझी बाही ओढली.

हे पक्षी दिवाणखान्यासाठी नव्हते. इंदूरच्या बागेत ध्यानमंदिर बांधून, आत पाण्याचे कुंड करून त्यांना त्याच्या कडेला उभे करायचे ठरले होते. त्यासाठी ब्रांकुशी १९३७ च्या हिवाळ्यात इंदूरला आलाही. पण त्याच वर्षी महाराणी संयोगिता यांचे निधन झाले होते आणि मंदिर कधीच उभे राहिले नाही.

रात्री मी काकांना फोनवर हे सविस्तर सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले, आणि म्हणाले, “बागेत म्हणतेस? म्हणजे आम्ही सायकली लावायचो तिकडेच कुठेतरी.”