तीन राऊटर आणि पेव्हर ब्लॉकखालचा खड्डा

गेल्या वर्षी १८ मेला संध्याकाळी साताऱ्यात वळीव कोसळला. यवतेश्वरच्या बाजूला कुठेतरी कडाडलं, आमच्याकडे दिवे नुसते लुकलुकले, आणि राऊटर गेला तो गेलाच. वर्षभरातला तिसरा. मी घरून हिशेबाची आणि कराची कामं करते. वीस तारखेला अकरा जणांची जीएसटीची रिटर्न्स भरायची होती. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती कशी भरली ते माझं मला माहीत.

नेटवाला मुलगा म्हणाला, "वहिनी, आभाळ आलं की प्लग काढत जा." सल्ला खोटा नाही, मी अजूनही पाळते. पण मी बाजारात असताना कोण काढणार? शिवाय तिन्ही राऊटर चांगल्यापैकी स्पाइक गार्डवर होते, त्याचा हिरवा दिवाही लागलेला असायचा. मग हे होतंय कसं?

ते एका वायरमननं दाखवलं. होल्डरला दोन वायरी आणि त्यात जुना शंभरचा बल्ब. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये (अर्थ म्हणजे जमिनीत उतरणारी सुरक्षेची तार) धरला, तर आतली तार लालसुद्धा झाली नाही. म्हणजे अर्थ कुठेतरी तुटलेली होती. गंमत म्हणजे त्याच जागी माझ्या मल्टीमीटरवर ११० व्होल्ट दिसायचे, आणि 'काहीतरी दाखवतंय ना' म्हणून मी निर्धास्त होते. ते ११० म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून अर्थच्या तारेवर झिरपलेलं व्होल्टेज. लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्या त्याच्याच. अर्थ धड असेल तर फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. बल्बचा प्रयोग मात्र घरी करू नका. अर्थ तुटलेली असेल तर तेवढा वेळ फ्रिज-गीझरच्या पत्र्यात करंट येतो. त्यानं आधी सगळ्यांचे प्लग काढायला लावले होते.

स्पाइक गार्डमध्ये व्हॅरिस्टर असतात. व्होल्टेज उसळलं की ते जादा करंट बाजूला वळवतात, त्यातला महत्त्वाचा रस्ता अर्थचा. अर्थच नाही तर वळवणार कुठे? माझा आठशे रुपयांचा गार्ड म्हणजे दिवा असलेला एक्स्टेन्शन बोर्ड होता.

याआधी आलेल्या दुसऱ्या एका वायरमननं सोपा उपाय सुचवला होता: "न्यूट्रलवरून अर्थला जंप मारून देतो, मीटर बरोबर दाखवेल." असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूत फेज येतो.

आता सोसायटी. २२ मेला मी इमारतीचं अर्थिंग तपासून घ्यावं म्हणून अर्ज दिला. सेक्रेटरीकाका म्हणाले, "इमारत १९९६ ची, आजवर कुणाची तक्रार नाही. राऊटर तुमचा आणि खर्च सोसायटीचा?" मी म्हटलं, काका, राऊटर सोडा, गीझर सगळ्यांकडे आहे. त्यावर तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. पहिली मीटिंग कोरमअभावी गेली. दुसरीत विषय शेवटचा होता, आणि त्याच्या आधी पार्किंगवरून भांडण झालं. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं अहवालासाठी साधा प्रश्न विचारला: अर्थिंगचा खड्डा, म्हणजे अर्थ जिथे जमिनीत गाडलीय तो, कुठंय? बारा फ्लॅटपैकी एकालाही माहीत नव्हतं. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तोही बुजवून टाकला होता, चेंबर नाही की खूण नाही.

शेवटी जुन्या वॉचमनला फोन लावला. "जिन्याच्या डाव्या अंगाला पाइपचं तोंड व्हतं, आम्ही उन्हाळ्यात पानी घालायचो." तिथं कव्हर घातलेली गाडी उभी. मालक मुलाकडे बंगळुरूला, आणि किल्ली कोरेगावला त्यांच्या साडूंकडे. त्या किल्लीसाठी अकरा दिवस गेले! साडूंना मी इतके फोन केले की ते माझा आवाज ओळखायला लागले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. मी रोज सकाळी खाली जाऊन त्या गाडीकडे बघून यायचे.

२ जुलैला ब्लॉक उचकटले. मीटररूममधून खाली गेलेली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी फूटभर मातीत नीट होती. पुढे कॉन्ट्रॅक्टरनं बोटानं दाबली तर पापडासारखी मोडली. पट्टी खाली गाडलेल्या अर्थच्या प्लेटपर्यंत पोचतच नव्हती. जुन्या पद्धतीत कोळसा आणि मीठ घालतात. मिठानं ओल टिकते, पण तेच मीठ लोखंडही खातं. आमच्याकडे खाली मुरूम, त्याखाली कातळ. त्यामुळे एकाऐवजी दोन रॉड घातले, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरणाऱ्या मातीचं) मिश्रण भरलं आणि ते एकमेकांना जोडले. प्रत्येक फ्लॅटला २,१०० रुपये आले. माझ्या तीन राऊटरांपेक्षा स्वस्त, हे मी मीटिंगमध्ये मुद्दाम सांगितलं.

टेस्टरवर रीडिंग ३.६ ओहम आलं; हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. पण पावसात मोजलेलं अर्थिंग नेहमीच गोंडस दिसतं. यंदा एप्रिलमध्ये मी हट्टानं पुन्हा मोजून घेतलं, ४.४. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

मग घरच्या डीबीत (एमसीबींच्या मुख्य पेटीत) टाइप टूचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे उसळलेलं व्होल्टेज अर्थकडे वळवणारं उपकरण, बसवला. त्याच्या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवायला सांगा, जोडणी अर्ध्या मीटरच्या आत. कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेली लांब वायर ऐन वेळी त्याचा निम्मा उपयोग घालवते.

हे आधी लिहायला हवं होतं: दुसरा राऊटर विजेच्या प्लगमधून गेलाच नव्हता. तो चालू होता, फक्त लॅनचे पोर्ट मेलेले. चौथ्या मजल्यावर सासऱ्यांच्या फ्लॅटपर्यंत बाहेरच्या भिंतीवरून तांब्याची कॅट-सिक्स केबल नेली होती. जवळपास वीज पडली की अशा लांब तारेत झटका उठतो. तिथं आता फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणाऱ्या डब्या) आहेत. काचेतून करंट येत नाही. पण नेटवाल्याच्या फायबरबरोबर आधाराला पोलादी तार असते, ती बाहेरच कापून घ्या. माझी थेट राऊटरच्या स्टँडला गुंडाळलेली होती.

न्यूट्रल सैल होऊन व्होल्टेज बराच वेळ ३०० च्या वर राहिलं, तर सर्ज प्रोटेक्टरचा उपयोग नाही. त्याला ओव्हर-अंडर व्होल्टेजचा वेगळा कटऑफ लागतो.

परवा सेक्रेटरीकाकांचा फोन आला, "ताई, जरा तुमचं ते मीटर घेऊन वर येता का? नवा टीव्ही घेतलाय." गेले. खालचं अर्थिंग ठणठणीत, पण टीव्हीच्या सॉकेटवर फेज-अर्थ शून्याच्या जवळ. बोर्ड उघडला तर हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून मागे सरकवलेली. १९९६ पासून.