सात मायक्रॉन

नोकरीला लागून चार महिने झाले होते. रात्री साडेनऊला साहेबांचा फोन आला. "कस्टमरकडे लॉट रिजेक्ट झालाय. बदली माल टेम्पोत भरलाय, तू सोबत जा." परत कधी यायचं, असं विचारलं तर म्हणाले, "लाइन सुरळीत झाली की."

तर कंपनीच्या खर्चाने माझा पहिला प्रवास टेम्पोच्या पुढच्या सीटवर झाला. मागे नव्या रीमरवर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) काढलेले सहाशे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, मांडीवर भोकांचं माप तपासायच्या प्लग गेजची पेटी. खड्डा आला की मागे क्रेट खडखडायचे आणि मी दचकून वळायचो. ड्रायव्हरकाका म्हणाले, "साहेब, माल पळून जात नाही. झोपा."

पहाटे पोचलो. चलन, गेट पास, मग सेफ्टी शूज. माझे बूट साधे, म्हणून गेटवरचे दोन नंबर मोठे जोड मिळाले. ते फटफटवत लाइनवर गेलो.

दर मिनिटाला एक गाडी पुढे सरकत होती. टोयोटाची जस्ट-इन-टाइम पद्धत मी परीक्षेत छान लिहिली होती. इथे तिचा अर्थ एवढाच होता की लाइनशेजारी आमचा माल जेमतेम दोन तासांचा. फिटरने ब्रॅकेट उचलला, पिन त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात घातली, अंगठ्याने दाबली. जाईना. ब्रॅकेट लाल ट्रेमध्ये. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "तुमचाच ना?"

ड्रॉइंगवर बोअर 12 एच 7, म्हणजे 12.000 ते 12.018 मिलिमीटर. गो गेज म्हणजे बोअर किमान मापाचं असेल तरच आत जाणारं गेज; आमच्याकडे ते सरसर जायचं, इथे तोंडाशीच अडकत होतं. बदली माल लाइनला लावला आणि जुना दुपारपर्यंत एकेक करून तपासला. बोटं काळी झाली, कारण काही सापडेना. शेवटी आमच्या ऑपरेटरला फोन लावला.

"दादा, गेज कधी लावता?"

"मशीनमधून निघाला की लगेच. चटके बसतात, हातमोजा घालूनच धरतो."

मी तिथेच क्रेटवर बसलो. मापं 20 अंश सेल्सिअसची धरायची असतात. ब्रॅकेट गेजपेक्षा 25 अंशांनी गरम असला तर 12 मिलिमीटरचं बोअर सुमारे 7 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं भरतं. त्यात जुना रीमर झिजलेला, बोअर आधीच खालच्या हद्दीला टेकलेलं. गरम असताना पास, थंड झाला की नापास!

परतीच्या वाटेवर लाल ट्रेमधला एक ब्रॅकेट केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर ठेवला. ते चांगलंच तापलं होतं. अर्ध्या तासाने रुमालात धरून गो गेज लावलं. अलगद आत गेलं.

काकांनी तिरप्या नजरेने पाहिलं. "बसतंय की! मग परत कशाला नेतोय?"