आमची वाटचाल: व्हायब्रेटरच्या पलीकडे

आम्ही पावडर भरायची मशीन बनवतो. डिझाइन, फिटिंग, इलेक्ट्रिकल मिळून मोजकीच माणसं, सगळी याच धंद्यात मुरलेली. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं पुरं करावं, अशा आमच्या मीटिंगा. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

बारीक, चिकट पावडर हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्याच्या, खालच्या तोंडाशी कमान धरते. वर माल भरलेला आणि खाली ऑगर, म्हणजे माल पुढे ढकलणारा स्क्रू, रिकामाच फिरतो. यावर या धंद्यातला ठरलेला उपाय म्हणजे व्हायब्रेटर. तो कुठे बसवायचा, किती ताकदीचा घ्यायचा, यावर आम्ही बैठकांवर बैठका घेतल्या. पण खालून माल सुटत नसताना हादरे दिले की अशी पावडर आणखीच दबून बसते. ग्राहकाकडचा ऑपरेटर शेवटी हातोडाच उचलायचा.

मग सिमेंटच्या सायलोवर, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीवर, काम केलेल्या एका गृहस्थांना बोलावलं. ते म्हणाले, "हलवताय कशाला? खालून हवा सोडा की." सायलोच्या तळाशी सच्छिद्र पॅडमधून हवा सोडतात, ती कणांमध्ये शिरली की सिमेंट पाण्यासारखं वाहतं. त्यांच्या लेखी ही रोजची गोष्ट. आमच्या बैठकांत हवेचं नावही निघालं नव्हतं.

उपाय जसाच्या तसा बसला नाही, हेही सांगायला हवं. हवा जास्त झाली तर पावडर ऑगरमधून आपोआप वाहून जाते, माल फुगतो आणि पाकिटागणिक वजन बदलतं. हवेत ओल किंवा कम्प्रेसरचं तेल आलं तर माल वाया. कोरडी हवा, थोडीशी, तीही थांबून थांबून, ही जुळवाजुळव आमच्या फिटर मंडळींनीच केली.

बाहेरच्या माणसाला तोड सुचल्याचं आणखी एक उदाहरण. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं होतं. अशा थंड पाण्यात गोळा केलेलं तेल इतकं घट्ट होतं की पंपानं निघत नाही. २००७ मध्ये हा प्रश्न सर्वांसाठी खुला केला गेला, तेव्हा तोड सुचली काँक्रीटच्या कामाचा अनुभव असलेल्या माणसाला: ओतताना काँक्रीट आळू नये म्हणून वापरतात ते कंपनाचं यंत्र. म्हणजे तिथे व्हायब्रेटर कामी आला, आणि आम्ही त्यातच अडकलो होतो!

आता अडलं की आम्ही दुसऱ्या धंद्यातला माणूस बोलावतो. त्या पाहुण्याला "कुठला व्हायब्रेटर घ्यावा?" असं आम्ही विचारत नाही. "पावडर खाली येत नाही" एवढंच सांगतो. ड्रॉइंग आधी दाखवत नाही, दाखवली की तोही आमच्यासारखीच मान डोलवतो. आधी तो बोलतो, मग आमची मंडळी, मी सगळ्यात शेवटी. त्याच्या वेळेचे पैसे देतो. बहुतेक सूचना आमच्या कामाच्या नसतात, काही तर हसू येण्यासारख्या असतात.

सध्या माल बदलताना मशीन खोलून धुण्यात फार वेळ जातो. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या एका नर्सबाईंना बोलावलंय. आमच्या डिझायनरला हे अजून पटलेलं नाही. ड्रॉइंग मात्र त्यानं कपाटात ठेवली आहेत.