आमची वाटचाल : पंप कधी बंद ठेवायचा

आमच्या कारखान्याचा पहिला मोठा ग्राहक म्हणजे पाचगणीची एक निवासी शाळा. तिथल्या आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या लाकडाच्या बॉयलरच्या पंपाला कंट्रोल पॅनेल बसवून आम्ही पसरणीचा घाट उतरलो आणि चौथ्याच दिवशी सकाळी बॉयलर सांभाळणाऱ्या मामांचा फोन आला. "सायेब, बॉयलर रडतोय. काळं पाणी गळतंय खालनं."

तोवर आमचा धंदा सोलरचा होता. 2008 मध्ये साताऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली. मी आणि माझा मेहुणा, असे दोघंच. मोठ्या सोलर वॉटर हीटरच्या पंपासाठी आम्ही कंट्रोलर बनवायचो. एक सेन्सर छतावरच्या सोलर पॅनेलवर, एक टाकीच्या तळाशी. सोलर पॅनेलचं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा आठ अंशांनी जास्त तापलं की पंप चालू, फरक चारावर आला की बंद. मधलं चार अंशांचं अंतर मुद्दाम ठेवायचं, नाहीतर पंप मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहतो. हॉस्टेलं, मंगल कार्यालयं, दवाखाने, सगळीकडे हा कंट्रोलर चांगला चालला. त्यामुळे शाळेनं लाकडाच्या बॉयलरसाठी विचारलं तेव्हा आम्ही तोच उचलून लावला. पंप तोच, टाकी तीच, फक्त उन्हाच्या जागी जाळ, एवढाच विचार केला होता.

चूक तिथंच होती. सोलरमध्ये थोडीही उष्णता आली तरी ती लगेच टाकीत नेणं योग्यच असतं. लाकडाच्या बॉयलरला आधी स्वतः तापावं लागतं. पहाटे जाळ घातला, बॉयलर तीस अंशांवर आला की आमचा पंप सुरू व्हायचा आणि टाकीच्या तळाचं वीस अंशांचं पाणी त्याच्या पोटात ढकलायचा. बॉयलरचे पत्रे तासन् तास थंडच राहायचे. लाकडाच्या धुरात भरपूर वाफ असते, सरपण ओलं असेल तर आणखीच. ती वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, तिच्यात डांबर आणि आम्ल मिसळतं. मामा ज्याला रडणं म्हणत होते ते हेच. असं चालू राहिलं तर चिमणी डांबरानं तुंबते, एखाद्या दिवशी आतून पेट घेते आणि पत्रा काही वर्षांत कुजतो. बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण 55 ते 60 अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. तो आम्हाला तिथं, चिमणीखाली उकिडवं बसून, कळला.

आम्ही दुसरी अट घातली : बॉयलर 65 अंशांवर गेल्याशिवाय पंप सुरू होणार नाही. तरी भागलं नाही. पंप सुरू झाला की थंड पाण्याचा लोंढा यायचा, बॉयलर पन्नासवर आपटायचा, पंप बंद. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. इलेक्ट्रॉनिक्सनं हे सुटेल या हट्टात मी सहा महिने घालवले. शेवटी परतीच्या पाइपवर थर्मोस्टॅटचा थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा, व्हॉल्व्ह बसवला. त्याला वीज लागत नाही. आतल्या मेणाच्या कॅप्सूलवर, मेण तापून फुगतं त्या जोरावर, तो उघडमीट करतो. परतीचं पाणी 60 होईपर्यंत बॉयलरचंच गरम पाणी त्याच्याकडे फिरवतो आणि मग टाकीचं थंड पाणी थोडं थोडं मिसळू देतो. दोन दिवसांत गळती थांबली. तेव्हापासून या व्हॉल्व्हशिवाय आम्ही पॅनेल विकत नाही. "व्हॉल्व्ह नको, नुसतं पॅनेल द्या" म्हणणाऱ्या बऱ्याच ऑर्डरी आम्ही सोडल्या आहेत, त्याही धंदा तंगीत असताना.

दुसरा धडा लोडशेडिंगनं दिला. त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. सोलरमध्ये पंप थांबला तर फार बिघडत नाही. इथं पन्नास किलो लाकूड धडधडत असतं, वीज गेली म्हणून ते विझत नाही. पंप थांबला की पाणी उकळायला लागतं. शाळा उतारावर आहे, म्हणून बॉयलर खालच्या शेडमध्ये आणि टाकी वरच्या टप्प्यावर घेता आली. पंपाला समांतर एक बायपास टाकला, त्यात हलकी झडप. पंप चालू असला की दाबानं ती मिटते, थांबला की गरम पाणी आपसूक वर चढतं आणि झडप उघडते. जिथं टाकी वर घेता येत नाही तिथं इन्व्हर्टर लावतो. पंप नव्वद वॉटचा, घरगुती बॅटरीवर सहज काही तास चालतो. वर हवेला उघडणारा व्हेंट पाइप असतोच आणि त्या पाइपवर कसलाही कॉक बसवायचा नाही, हे आम्ही प्लंबरला दोनदा सांगतो.

त्याच वेळी पॅनेलचा स्वभाव बदलला. बॉयलर नव्वदच्या वर गेला तर टाकी कितीही गरम असो, पंप चालू. सेन्सर तुटला तरी पंप चालू. पंप चालू-बंद करणारी रिलेसुद्धा अशी जोडली की कंट्रोलर मेला तर पंप आपोआप फिरत राहील. चिमणी खराब होणं परवडतं, उकळतं पाणी माणसाच्या अंगावर येणं नाही.

एका हिवाळ्यात मामांची तक्रार अशी : जाळ नसताना मध्यरात्री पंप फिरतो आणि सकाळी मुलांना कोमट पाणी मिळतं. मी दोन रात्री शेडमध्ये वही घेऊन बसलो. पहाटे चारला डिस्प्लेवर बॉयलर 85 अंश, आणि हात लावला तर गार. आम्ही एक स्वस्त डिजिटल सेन्सर वापरत होतो. वीज मिळाल्यावर पहिलं माप घेण्याआधी तो 85 हाच आकडा देतो, त्याच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंही आहे. पंचवीस मीटरच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडत होतं, सेन्सर पुन्हा पुन्हा रीसेट होत होता आणि आमचा प्रोग्राम त्या 85 वर विश्वास ठेवत होता. चूक पूर्णपणे आमची. आता पीटी-100 हा प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर वापरतो, पाइपवर बांधून नाही तर पाण्यात उतरणाऱ्या नळीत घालून, आणि त्याची वायर पंपाच्या वायरीपासून वेगळी नेतो.

पण मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट पंपाच्या वेगाची आहे. आजीकडे तांब्याचा बंब होता. वरच्या नरसाळ्यातून बादलीभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. गार आणि गरम एकमेकांत मिसळायचं नाही. मोठ्या टाकीतही हाच थर टिकवायचा असतो. शाळेचा बॉयलर ताशी 30,000 किलोकॅलरीचा (एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते). पाणी त्यातून जाताना वीस अंश तापायचं असेल तर ताशी 1,500 लिटर पुरे. बसवलेला पंप पाच हजार ढकलत होता, म्हणजे सगळी टाकी घुसळून कोमट करत होता. वेग उतरवल्यावर तेवढ्याच लाकडात आंघोळीचं पाणी तासभर आधी तयार होऊ लागलं, कारण वरचा थर आधी कढत होतो. पूर्ण 3,000 लिटरची टाकी 30 वरून 75 ला न्यायला 1,35,000 किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण पंचावन्न किलो सुकं लाकूड. हा हिशेब मी मामांना भिंतीवर खडूनं लिहून दिला होता, तो अजून तिथं आहे.

पुढे पंप बदलले. जुन्या पंपांचा वेग आम्ही ट्रायॅकनं, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरात असतो तसल्या इलेक्ट्रॉनिक स्विचनं, कमी करायचो. नव्या पंपांत स्वतःचंच इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यांना ट्रायॅक लावला तर ते जळतं. त्यांना वेगळ्या दोन वायरींवरून सिग्नल द्यावा लागतो. त्यासाठी बोर्ड नव्यानं केला.

आज आम्ही नऊ जण आहोत. बरंच काम आता व्हाइट कोलवर, म्हणजे शेतातला काडीकचरा आणि भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर, चालणाऱ्या बॉयलरचं आहे. सध्या टाकीवर वर, मध्ये आणि खाली असे तीन सेन्सर लावून, त्यावरून भट्टीत आणखी लाकूड घालायचं की नाही हे सांगणारे तीन दिवे आम्ही तपासतोय. पहिलं पॅनेल अर्थात पाचगणीलाच लावलं. मामांचं म्हणणं आहे की धुरात हिरवा दिवा दिसत नाही, मोठा करा. पुढच्या आठवड्यात तो बदलून द्यायला घाट चढायचा आहे.