काजव्यांच्या रात्रीसाठी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या निवडताना: माझा अनुभव

मे संपता संपता भंडारदरा, पुरुषवाडी या पट्ट्यात काजवे दिसायला लागतात आणि पावसाने जोर धरला की ओसरतात. त्यांचे फोटो काढायचे म्हणजे तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर एकामागून एक, दोन-तीन तास घ्यायची आणि घरी येऊन ती एकावर एक रचायची. या कामात सगळ्यात आधी दगा देते ती बॅटरी. माझा कॅमेरा कॅननचा ८०डी, त्याची बॅटरी एलपी-ई६एन. हंगामाआधी हाताशी असलेल्या सगळ्या बॅटऱ्या तपासल्या, कमी पडणाऱ्या नव्या घेतल्या. ते कसं केलं ते सविस्तर लिहितो. कॅमेरा दुसरा असला तरी पद्धत हीच चालेल.

आधी कंपनीच्या आकड्याबद्दल. ८०डीच्या पुस्तिकेत एका चार्जवर व्ह्यूफाइंडरमधून सुमारे ९६० फोटो आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, सुमारे ३०० असं दिलंय. हे आकडे सीपा या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या चाचणीतून येतात. साधारण २३ अंश तापमान, दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो, त्यातले निम्मे फ्लॅशसह आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून परत चालू. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. पण माझ्या कामाला ९६० उपयोगाचा नाही आणि ३०० सुद्धा नाही. लांब एक्स्पोजरमध्ये शटर उघडं असेपर्यंत सेन्सर सतत वीज खातो, त्यामुळे इथे फोटो मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तोच ९६० कमी वाटेल, कारण तो फ्लॅश न वापरता पटापट काढत असेल तर सहज त्याच्या पुढे जाईल.

माझ्याकडे तीन बॅटऱ्या होत्या. कॅमेऱ्यासोबत आलेली, नंतर घेतलेली एक ओरिजिनल आणि एक लोकल, जिच्यावर २६०० एमएएच छापलं होतं. पहिलं काम केलं ते तिघींवर मार्करने १, २, ३ असे नंबर टाकायचं. नंबर नसले की कुठली बॅटरी लवकर उतरते हे कधीच कळत नाही आणि एका खराब बॅटरीपायी सगळ्यांवर संशय घेतला जातो.

मग मेन्यूतलं बॅटरी इन्फो पाहिलं. तिथे उरलेला चार्ज टक्क्यांत दिसतो, त्या चार्जवर किती फोटो निघाले ते दिसतं आणि खाली रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन चौकोन असतात. तिन्ही हिरवे म्हणजे बॅटरी ठणठणीत, दोन हिरवे म्हणजे थोडी थकलेली, एकच लाल म्हणजे नवी घ्या. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हेच ० ते ४ अशा आकड्यांत दिसतं, ० नवी आणि ४ बाद. माझी १ नंबरची दोन हिरव्यांवर होती, २ नंबरची तिन्हींवर. लोकल बॅटरीही तिन्ही हिरवे दाखवत होती, पण लोकलच्या बाबतीत या चौकोनांवर विसंबू नये. कॅमेरा बॅटरीतल्या चिपला विचारतो आणि चिप सांगेल ते दाखवतो.

म्हणून खरी चाचणी घेतली. फील्डवर जे करणार तेच घरी करायचं, एवढंच तिचं सूत्र. बॅटरी पूर्ण चार्ज करून अर्धा तास बाजूला ठेवली. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्सला झाकण, मॅन्युअल मोड, शटर ३० सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअस, फाइल छोटी जेपीईजी, इमेज रिव्ह्यू बंद, वाय-फाय बंद. केबल रिलीज (वायरने जोडलेलं शटरचं बटण) लावून तिचं बटण पुढे सरकवून लॉक केलं. कॅमेरा स्वतःहून एकामागून एक फ्रेम घेत राहतो आणि बॅटरी संपली की थांबतो. शेवटी कार्डवरच्या फ्रेम मोजायच्या. तीस सेकंदांची एक, म्हणजे एकशेवीस फ्रेमचा एक तास. साधी वायरवाली रिलीज घ्यावी, तिच्यात सेल नसतो. टायमरवाल्या रिमोटमध्ये छोटे सेल असतात, ते हंगामानंतर आत राहिले की गळतात आणि पत्र्या हिरव्या पडतात.

२ नंबरने सव्वातीन तासांच्या पुढे मजल मारली. १ नंबर अडीच तासांत संपली. २६०० एमएएच लिहिलेली दीड तासही टिकली नाही, आणि शेवटपर्यंत अर्धी भरलेली दाखवत एकदम बंद पडली. हे एकदम बंद पडणं मला कमी वेळ टिकण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. हळूहळू उतरणारी बॅटरी आधी सांगते, बदलायला वेळ देते.

असं का होतं ते थोडं समजून घ्यावं. एलपी-ई६ च्या खोक्यात लिथियम-आयनचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून ७.२ व्होल्ट. जुना किंवा हलक्या दर्जाचा सेल असला की त्याचा आतला रोध वाढलेला असतो. कॅमेऱ्याने जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेरा समजतो बॅटरी संपली. चार्ज आत शिल्लक असतो, पण तो हवा तेव्हा बाहेर येत नाही. थंडीतही हेच घडतं. स्पितीला किंवा लडाखला हिवाळ्यात मेलेली वाटणारी बॅटरी आतल्या खिशात ठेवून गरम केली की पुन्हा बरंच काम देते. भंडारदऱ्याला त्या दिवसांत थंडीचा प्रश्न नाही, तिथे दमटपणा सांभाळायचा.

छापलेल्या एमएएचबद्दल माझं मत पक्कं आहे. याच आकाराच्या खोक्यात कॅननने आधी १८०० (एलपी-ई६), मग १८६५ (एलपी-ई६एन) आणि नंतर २१३० (एलपी-ई६एनएच) एमएएच बसवलं. लोकल बॅटरीवर २६०० किंवा ३००० लिहिलं असेल तर तो आकडा फक्त लेबलवर आहे असं समजावं. वजन करून बघा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माझी ओरिजिनल ८० ग्रॅमच्या आसपास भरली, लोकल तिच्यापेक्षा बारा ग्रॅम हलकी. ऊर्जा सेलमधल्या मालात साठते, माल कमी तर ऊर्जाही कमी. तुलना करताना वॉट-अवर धरणं सोपं जातं: व्होल्टला एमएएचने गुणून हजाराने भागायचं. एलपी-ई६एनचे १३.४ वॉट-अवर होतात.

मग हिशेब मांडला. काजवे चांगले दिसतात ते अंधार पडल्यापासून साधारण तीन तास. त्याआधी उजेडात लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून फोकस करायचा, त्यात वीस मिनिटं जातात. म्हणजे एका रात्रीला एक चांगली बॅटरी जेमतेम, दुसरी हवीच. मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मोजके आणि लाइट जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तिसरी राखीव. १ नंबर राखीव ठेवली, ३ नंबर बाद केली आणि एक एलपी-ई६एनएच घेतली. ती ८०डीत चालते आणि जुन्या एलसी-ई६ चार्जरवरच चार्ज होते.

विकत घेताना खोक्यावरची छपाई नीट वाचली. लिथियम बॅटऱ्यांना भारतात बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६०४६. लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. एमआरपीच्या स्टिकरवर महिना आणि वर्ष असतं, तेही बघावं. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेली सीलबंद बॅटरी नवी नसते, ती वापराविना म्हातारी झालेली असते. घरी आणल्यावर कॅमेऱ्यात घातली की बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का असा प्रश्न स्क्रीनवर आला, तर संवाद होत नाहीये. ओरिजिनल म्हणून घेतलेली असेल तर त्याच दिवशी परत करा. नवी बॅटरीही प्रवासाआधी वरच्या चाचणीतून काढली. तिने चार तासांच्या जवळ काम दिलं.

जितकी बॅटरी विकत घेतली तितकीच सेटिंग बदलून वाचवली. सगळ्यात मोठा खाऊ म्हणजे लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब एक्स्पोजरमध्ये येणारे नको ते ठिपके कॅमेऱ्यातच पुसण्याची सोय. ते चालू असलं की तीस सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी तीस सेकंद एक काळी फ्रेम घेतो. वीज दुप्पट, फोटो निम्मे आणि काजव्यांच्या रेषांमध्ये खाचा. ते बंदच करावं. घरी रचताना लागलीच तर लेन्सला झाकण लावून शेवटी पाच-सहा काळ्या फ्रेम घ्याव्यात. लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. फोकस झाला की रिंगला कागदी टेप आणि स्विच एमएफवर (मॅन्युअल फोकस). स्क्रीन उलटी फिरवून मिटून ठेवली की वीज वाचते आणि शेजारच्यांच्या डोळ्यांवर उजेडही येत नाही. काजव्यांसाठी तर अंधार लागतोच. ज्यांच्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे त्यांनी ते बंद करावं. ६डी मार्क टू, ५डी मार्क फोरसारख्या काही बॉडींत जीपीएसच्या एका मोडमध्ये कॅमेरा बंद केल्यावरही ते चालू राहतं आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

ट्रायपॉडची प्लेट हा लहानसा पण हमखास नडणारा मुद्दा. ती आडवी बसली की बॅटरीचं दार उघडत नाही, मग अंधारात कॅमेरा काढा, प्लेट सोडवा, सगळी चौकट हलते. घरीच प्लेट लावून दार पूर्ण उघडतं का ते बघावं. कॅमेऱ्याच्या तळाला बसणारी बीजी-ई१४ ग्रिप लावली तर दोन बॅटऱ्या एकदम बसतात आणि मालिका मध्ये तुटत नाही. डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचं, वायरने बाहेरून वीज घेणारं खोकं) आणि पॉवर बँक हाही मार्ग आहे. बॅटरीच्या दाराजवळ वायर बाहेर काढायला छोटी रबरी फट असते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-अवर, रूपांतरात जाणारं वजा करता दोन एलपी-ई६एनचं काम करते. मात्र डमीला ८ व्होल्टच्या आसपास स्थिर व्होल्टेज मिळालंच पाहिजे. स्वस्तातली डमी थेट महागड्या बॉडीत घालणं मला पटत नाही, म्हणून मी बॅटऱ्यांवरच राहिलो.

वापरताना एक सवय फार कामाची ठरली. बॅटरीच्या झाकणाला बॅटरीच्या आकाराचं भोक असतं. झाकण एका बाजूने लावलं की भोकातून निळा रंग दिसतो, उलटं लावलं की गडद. निळा म्हणजे भरलेली, गडद म्हणजे रिकामी, असं ठरवून टाकलं. टॉर्चच्या मंद लाल उजेडात रंग कळत नाही, म्हणून भरलेल्या डाव्या खिशात, रिकाम्या उजव्या. झाकणामुळे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होण्याची भीतीही राहत नाही. विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या अशाच झाकून हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इन सामानात नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप आत असतात.

बाद केलेली ३ नंबर काचेच्या टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवली तर भोवऱ्यासारखी गरगर फिरली. पोट फुगलं होतं, डोळ्यांना कळत नव्हतं इतकंच. अशी बॅटरी कॅमेऱ्यात अडकली की स्प्रिंग तिला बाहेर ढकलू शकत नाही आणि ओढताना आतला लॉक मोडतो. तिला टोचायचं, दाबायचं किंवा पुन्हा चार्ज करायचं नाही. कॉन्टॅक्टवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिली, घंटागाडीत टाकली नाही.

हंगाम संपला की बॅटऱ्या कॅमेऱ्याबाहेर काढून ठेवतो. पूर्ण भरलेल्या नाहीत, पूर्ण रिकाम्याही नाहीत. एलसी-ई६ चार्जरचा नारिंगी दिवा एकेकदा लुकलुकत असेल तर बॅटरी निम्म्याच्या खाली, दोनदा लुकलुकत असेल तर ५० ते ७४ टक्के, तीनदा म्हणजे त्याच्या वर. दोनदा लुकलुकायला लागला की काढून घेतो. मग सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या खणात. फ्रिजमध्ये ठेवत नाही, बाहेर काढल्यावर कॉन्टॅक्टवर पाणी धरतं. दर दोन-तीन महिन्यांनी चार्जरवर लावून दिवा बघायचा, एकदाच लुकलुकत असेल तर दोनदा होईपर्यंत ठेवायचा.