पॅच आला, पण बसवायचा कुठल्या व्हर्जनवर? (माझा अनुभव)

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आमचा लिनक्सचा बोर्ड चालतोय, त्याच्या ड्रायव्हरचा पॅच (सोर्स कोडमधले बदल लिहिलेली फाइल) सप्लायरकडनं आला. झिपमध्ये फाइल आणि मेलमध्ये एक ओळ, "लेटेस्ट कर्नलवर लावा". आता कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यात लेटेस्ट म्हणजे कुठलं भावांनो? ५.१० का ५.१५, आणि त्यातलं कितवं स्टेबल (दुरुस्त्या घालून निघणारं) रिलीज? विचारलं तर "आमच्याकडं बसतोय". परत विचारलं तर तेच. एरर पाठवली तर म्हणे तुमचा सोर्स चेक करा! इकडं फाउंड्रीचे मालक रोज फोन करणार, "काय झालं ओ त्याचं?", आणि मी गिट (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) मधल्या अप्लाय कमांडला --चेक लावून, पॅच बसतो का ते एकेक टॅगवर, म्हणजे एकेका रिलीजवर, बघत बसलेलो, एकीकडं ही फाइल अडकते तर दुसरीकडं ती. गिट एएमला (ही पण पॅच बसवायची कमांड) -३ दिलं तर थ्री-वे मर्जला (मूळ फाइल धरून बदल जुळवायला) लागणारे ब्लॉबच, म्हणजे फाइलच्या साठवलेल्या आवृत्त्याच, रेपोत (कोडच्या साठ्यात) नाहीत म्हणून थांबलं. लई डोकं फिरलं.

पण त्या एररमध्येच उत्तर होतं. पॅचमध्ये प्रत्येक फाइलच्या वर 'इंडेक्स' अशी ओळ असते, त्यात दोन हॅश (फाइलच्या मजकुरावरनं निघणारा ओळख-नंबर), डावीकडचा म्हणजे बदलाच्या आधीची फाइल. तो ब्लॉब ज्या इतिहासात आहे तिथंच बेस, म्हणजे पॅच ज्यावर बनवला ते व्हर्जन. माझ्याकडं नुसती मेनलाइन (लिनक्सची मुख्य शाखा) होती, स्टेबलची रेपो फेच केली आणि गिट लॉगला --ऑल आणि --फाइंड-ऑब्जेक्ट देऊन तो हॅश शोधला, तर तो ब्लॉब कुठल्या कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) आला आणि कुठल्या कमिटला गेला दोन्ही दिसलं. एका फाइलवर मोठी रेंज मिळते, पण सगळ्या फाइल्सच्या रेंज एकमेकांत बसवल्या की मोजकीच रिलीज उरतात. ५.१० चंच निघालं ते, तेही जुनं. पॅच एका फटक्यात बसला, फार बरं वाटलं.

हां, आणि साधी पॅच कमांड वापरत असाल तर ती बसली म्हणून बेस तोच असं धरू नका, ती फझ २ पर्यंत, म्हणजे बदलाच्या आजूबाजूच्या दोनेक ओळी जुळल्या नाहीत तरी, आपलं आपण जुळवून घेते.

पाठवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे, फॉरमॅट-पॅचला (पॅच बनवायची गिट कमांड) --बेस=ऑटो लावा ओ, ब्रँचला अपस्ट्रीम (ती ज्या मूळ ब्रँचला जोडलीय ती) सेट असलं की झालं, पॅचच्या खाली बेस-कमिटची ओळ आपोआप येते. गिट २.९ पासनं, म्हणजे २०१६ पासनं आहे हे! कॉन्फिगमध्ये फॉरमॅट.यूजऑटोबेस एकदा ट्रू केलं तर लक्षात पण ठेवायला नको. कंटाळा त्यांचा आणि खोळंबा आमचा, हे मला अजून पटत नाही.